टाळीचं वाक्य

चिमी नुकती झोपली होती. गीतांजली पाय न वाजवता मोरीत गेली, भिजवलेले कपडे तसेच राहू दिले आणि पालथ्या बादलीवर बसून मोबाईल उघडला. अमरावतीहून निरोप आला होता. मुलींच्या कॉलेजात मराठीच्या तासिकांसाठी तिची निवड झाली होती. सोमवारी सकाळी दहाला रुजू व्हायचं. न आल्यास पुढच्या उमेदवाराला बोलावण्यात येईल. तिनं तो निरोप तीनदा वाचला, मग हात कुर्त्याला पुसले आणि चौथ्यांदा वाचला.

आनंद झाला. पण लगेच तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. भिंतीपलीकडे सासूबाई कॉटवर पडल्या होत्या. त्यांचं हलकं घोरणं ऐकू येत होतं. वच्छलाबाईंना दुपारी झोप लागायला लागून तीन महिनेसुद्धा झाले नव्हते.

जाणं अवघड नव्हतं. मूर्तिजापुरातून सकाळच्या गाडीनं बडनेरा, तिथून ऑटो. अप-डाऊन करणारे शंभर लोक रोज स्टेशनावर उभे असतात. आठवड्याचे पाच दिवस, चार वाजता परत. प्रश्न एकच होता की तेवढा वेळ दीड वर्षाच्या चिमीला कोण धरील. आणि त्या प्रश्नाचं उत्तर तिनं स्वतःच एप्रिल महिन्यात, माइकवर, दीडशे माणसांसमोर देऊन टाकलं होतं.

झालं होतं असं. वच्छलाबाई तेहतीस वर्षं वस्तीतल्या अंगणवाडीच्या सेविका होत्या. वयाची पासष्ट भरली, निवृत्त झाल्या, तेव्हा समाजमंदिरात त्यांचा सत्कार ठरला. सत्कार म्हटला की शाल, श्रीफळ आणि मानपत्र. मानपत्र लिहायचं कोणी, हे कोणाला विचारावंच लागलं नाही. सून अमरावतीच्या कॉलेजात वक्तृत्वाची ढाल तीन वर्षं घेऊन आलेली. लग्नानंतर वस्तीत कोणाचाही निरोपसमारंभ असो की श्रद्धांजली, कागद तिच्याकडेच यायचा.

गीतांजलीला ते काम मनापासून आवडे. कॉलेजातल्या बाईंनी तिला शिकवलं होतं, वाक्य मोठं असून भागत नाही, त्याच्याआधीची शांतता मोठी लागते. एक गोष्ट तीनदा म्हणायची, दर वेळी आवाज खाली आणायचा, तिसऱ्यांदा जवळजवळ कानात सांगितल्यासारखं. मग थांबायचं. मनात दोन आकडे मोजायचे. आणि सभेत एक ओला चेहरा शोधून त्याच्याकडे बघून शेवटचं वाक्य सोडायचं. टाळी कुठे पडणार हे तिला लिहितानाच दिसे. तिथे ती समासात पेन्सिलीनं बारीकसं गोल काढून ठेवी.

ते मानपत्र तिनं चिमीला पाजता पाजता, एका हातानं, आठ दिवसांत लिहिलं होतं. शेवट जमत नव्हता. 'उदंड आयुष्य लाभो' असं सगळेच लिहितात. त्यावर टाळी पडते, पण ती उठायच्या घाईची असते. कार्यक्रमाच्या सकाळी तिनं ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं:

'माउली, तेहतीस वर्षं तू गावाची लेकरं कडेवर वागवलीस. आता ही कड रिकामी राहू दे. आता तुझ्या कडेवर कोणाचंही लेकरू बसणार नाही. शेजारचं नाही. पाहुण्याचं नाही. आणि माझंसुद्धा नाही. हा शब्द तुझी सून सगळ्यांदेखत देते.'

'माझंसुद्धा नाही'पाशी गोल होतं.

आणि टाळी पडली ती अशी की बाहेर चपला सांभाळत बसलेला माणूसही आत डोकावला. अंगणवाडीची मदतनीस माणिकबाई हुंदके देऊन रडली. शेजारच्या हलीमाबी उभ्या राहून म्हणाल्या, "वा रे बहू, वा!" वच्छलाबाई तोवर शाल सावरत कोरड्या बसल्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला तो बराच वेळ काढला नाही.

घरी आल्यावर त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात सुनेला गाठलं.

"खरं बोलली का वं तू थे?"

"म्हणजे काय आई! खरंच."

कानात अजून टाळ्या होत्या. त्या क्षणी ते खरंच होतं. जाहिरात निघायला अजून महिना होता, अर्ज करावासा वाटायला दीड.

तेव्हापासून घराचा रंग बदलला. वच्छलाबाई दुपारी झोपायला लागल्या. सकाळी हलीमाबींबरोबर रेल्वेच्या मैदानात चालून यायला लागल्या. कमरेला पट्टा बांधला. चिमीवर त्यांचा जीव होता. तिच्याशेजारी सतरंजीवर बसून तासन्‌तास चूल-बोळक्यांनी खेळायच्या. पण चिमीनं दोन्ही हात वर केले, की त्या हसून म्हणायच्या, "मायले सांग, बापा. आजीची ड्युटी खतम झाली." बांगड्यांचं दुकान चालवणाऱ्या हलीमाबींनी तर तो शब्द गिऱ्हाइकागणिक सांगून पक्का करून टाकला होता. हातात बांगडी चढवता चढवता त्या सांगायच्या, "हमारे बाजू की बहू ने भरी मजलिस में जबान दी. म्हने, मेरा बच्चा भी नहीं उठायेगी सास. ऐसी बहू किसको मिलती, बोलो?"

आता बोलो.

गुरुवारी संध्याकाळी शिवम दुकानातून आला. त्याचं स्टेशनरोडला बियाण्या-खताचं दुकान होतं आणि अंगाला खताचा वास. निरोप वाचून तो खरंच खूष झाला. चिमीला उचलून गोल फिरवली. "प्रोफेसरीनबाई झाली तुही माय!"

"चिमीचं काय?"

"आई हाय ना."

"आईंना मी काय शब्द दिला, विसरले का तुमी?"

"अवं थे भाषन होतं. भाषनातलं कोनी धरून बसते का?" त्यानं टॉवेल खांद्यावर टाकला. "तू बोल ना तिच्याशी. म्या सांगतलं का चिडते ती. तुले बोलता येते. तू बोलली का गोटाबी हो म्हनीन."

हे तो कौतुकानं म्हणाला होता. ती मात्र त्या कौतुकात बाहेरून कडी लावल्यासारखी उभी राहिली.

शुक्रवारी सकाळी चिमीला आंघोळ घालून निजवली आणि मिळालेल्या पाऊण तासात तिनं कागद घेतला. आधी शिक्षणाबद्दल लिहिलं, घेतलेल्या डिग्र्या वाया जातात म्हणून. खोडलं. वच्छलाबाई स्वतः सातवी. त्यांना त्यात काय पाझर फुटणार? मग स्तुती लिहिली: तुमच्यासारखं लेकरू कोणाला सांभाळता येतं? तेही खोडलं. ते त्यांनी सुपरवायझर मॅडमच्या तोंडून तेहतीस वर्षं ऐकलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्यामागून एक जास्तीचं काम आलं होतं.

मग तिला सापडलं. एकदा पापड लाटताना सासूबाई सहज बोलून गेल्या होत्या. नोकरी लागली तेव्हा शिवम दहा महिन्यांचा. घरात धरायला कोणी नव्हतं. तापातसुद्धा त्याला बरोबर न्यायच्या, आणि दुसऱ्यांची पोरं रडायला लागली की स्वतःचं खाली ठेवून ती उचलायच्या.

गीतांजलीनं लिहिलं: 'त्या दिवशी तुम्हाला कोणी म्हटलं असतं, जा बाई, मी धरते याला...' पुढे तीन टिंबं दिली. मग शेवटचं वाक्य. समासात पेन्सिलीचं गोल काढताना तिचा हात थोडा थांबला, पण काढलं. चांगलं वाक्य हाताला लागलं की तिला जे बारीक सुख व्हायचं, तेही झालं, आणि त्याची तिला लाज वाटली.

दुपारी वच्छलाबाई परातीत तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. चिमी शेजारी वाटी आपटत होती. गीतांजली समोर बसली, तिनंही मूठभर डाळ ओढून घेतली.

"आई, तुमी नोकरीवर लागल्या तवा हे किती मयन्याचे होते?"

"धा." बोटं चालूच होती.

"कोणापाशी ठेवत होत्या?"

"ठेवू कोनापाशी? संगच न्यायची. चाळीस पोट्ट्यायत एक्केचाळीसावं."

"ताप असला तरी?"

बोटं मंदावली. "ताप असला तरी."

गीतांजलीनं आवाज आणखी खाली आणला. "आन् तवा तुमाले कोनी म्हनलं असतं, जाय बाई, मी धरते याले..."

ती थांबली. एक. दोन.

वच्छलाबाईंचे डोळे भरून आले. परातीवरचा हात तसाच अधांतरी राहिला. होकार येताना तिला समोर दिसत होता, दूध वर येताना दिसतं तसा. एक वाक्य उरलं होतं. ते पाठ होतं.

"थांब," वच्छलाबाई म्हणाल्या. "पुढं बोलू नोको."

"आई..."

"नोको म्हनलं ना." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "तू बोलली का मले रडू येते. आन् रडता रडता मी हो म्हनून टाकीन. एकडाव हो म्हनलं का मंग मी फसली. शिवमनं सांगतलं मले कालच, कॉलेजचं. तवापासून वाट पाहून राहिली मी, ही कवा येते आन् कुठून सुरू करते. लय लांबून आली वं तू. पार पोट्ट्याच्या तापापासून."

गीतांजलीचे कान तापले. चिमीनं वाटी तिच्या गुडघ्यावर आपटली. ते वाक्य अजून जिभेवर होतं आणि ते सोडलं तर काम होणार होतं, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. सोमवारी गाडी मिळणार होती. सासूबाई रडत रडत हो म्हणणार होत्या, मग पट्टा घट्ट करून चिमीला उचलणार होत्या, आणि तो शब्द मोडणार नव्हत्या, कारण त्यांना शब्द मोडता येत नसे. तो तर सुनेला येत होता.

तिनं वाक्य गिळलं. खूप वेळ लागला त्याला.

"मंग साधं इचारते. मी नोकरीवर गेली तर चिमीले तुमी सांभाळसाल का?"

"नाही."

परातीवर झाकण ठेवावं तसा तो शब्द पडला. वच्छलाबाईंनाही तो नवा होता.

"राग नोको धरू," त्या मग म्हणाल्या. "पोट्टी मले गोड हाय. पन कंबर माही हाय. तेहतीस वर्सात मी कोनाले नाही म्हनलं नाही, बापा. सायबाले नाही, गावाले नाही, या घरात तं नाहीच नाही. तुह्या त्या कागदानं मले पयल्यांदा समजलं का असं म्हनता येते. आता तूच म्हन्शीन का कागद वापस द्या?"

"नाही म्हनत."

"आन् मले एक सांग." डाळीतला एक खडा त्यांनी अंगणात भिरकावला. "हे सारं तू मलेच काहून सांगून राहिली? पोट्टी शिवमची नाही का? सासरा तुहा सकाळपासून पारावर बसून पेपर वाचते, तिघा म्हाताऱ्यायत मिळून एक. त्यायले देल्लं का भाषन?"

गीतांजलीनं त्या दोघांचा विचारच केला नव्हता. सभेत ओला चेहरा शोधायची सवय. कोरड्या चेहऱ्यांकडे बघून बोलायचं नसतं, त्यानं बोलणाऱ्याचाच धीर सुटतो, असंही कॉलेजातल्या बाईंनी शिकवलं होतं. रडू येईल अशी बाई घरात एकच होती. म्हणून ती तिच्याकडे गेली. सगळेच तिच्याकडे गेले होते, तेहतीस वर्षं.

शनिवारी दुपारी शिवम जेवायला घरी आला. सासरे खुशालराव पारावरून आले, हातपाय धुऊन पाटावर बसले. सत्तरीचा माणूस, पण काठी नाही, चष्मा नाही. शेती मक्त्यानं दिल्यापासून अंगावर थोडं मांसही आलेलं. गीतांजलीनं ताटं वाढली आणि चिमीला कडेवर घेऊन तिथेच उभी राहिली.

"बाबा, तुमच्याशी आन् यांच्याशी बोलायचं हाय."

तिनं ठरवलं होतं साधंच बोलायचं. पण दोन चेहरे समोर आले आणि जीभ तिच्या वळणानं गेली. म्हणाली, या घरानं मला लेक म्हणून आणलं. म्हणाली, एक दार बाहेर उघडतं आहे आणि ते सोमवारी बंद होईल. म्हणाली, मला घर सोडायचं नाही, घरातून निघून घरातच परत यायचं आहे. शेवटी थांबली.

खुशालरावांनी मान डोलावली. "वा! बोलते मात्र फर्मास. आमदारकीले उभी कर रे हिले, शिवम." आणि वाटी पुढे केली. "वरन दे जरासं."

तिनं वरण वाढलं. त्यांना आवडलं होतं, यात खोटं काही नव्हतं. आवडलं, एवढ्यावर त्यांच्याकडून विषय संपला होता.

"पाहू," शिवम म्हणाला.

हा शब्द ती ओळखत होती. पुढच्या दाराचं ग्रिल, मागच्या संडासाचं छप्पर, सगळं त्या शब्दाखाली तीन वर्षं गेलं होतं.

"सोमवारी चिमीले कोन धरीन?"

"आईनं नाही म्हनलं का?"

"हो. सोमवारी कोन धरीन?"

"अवं, सीजन हाय. युरियासाठी लोकं सकाळी सातपासून रांगेत उभे रायते. म्या पोट्टी घेऊन काउंटरवर बसू का?"

"मी इचारलं, कोन धरीन."

"अकोल्याले पाळनाघर हाय म्हनते एक. मी माल आनाले जातोच..."

"अकोला उलटीकडं हाय. सोमवारी कोन धरीन?"

खुशालराव हसले. "एकच रेकार्ड लागली आता हिची. मंघा कशी छान बोलत होती."

"बाबा, सोमवारी चिमीले कोन धरीन?"

त्यांचं हसू ओठांवर तसंच राहिलं आणि मग ओसरलं. त्यांनी वच्छलाबाईंकडे पाहिलं. आयुष्यभर अशा वेळी त्या बाजूनं काहीतरी यायचं: जाऊ द्या, मी पाहीन, तुमी जेवा. गीतांजलीनंही पाहिलं. क्षणभर तिलासुद्धा वाटलं, आता त्या बोलतील आणि सगळं सोपं होईल. आणि असं वाटलं म्हणून तिला स्वतःचा राग आला. वच्छलाबाई भाकर चुरत होत्या. चुरून झाल्यावर त्यांनी तीवर वरण घेतलं.

"मले काय येते त्यातलं?" खुशालराव म्हणाले. "चार पोरं झाली, पन कोनाची चड्डी बदलली नाही म्या."

"शिकवते."

"पारावरचे काय म्हनतीन? खुशालराव आया झाला म्हनतीन."

"म्हनतीन. सोमवारी कोन धरीन?"

तिचा आवाज वर गेला नव्हता, खालीही आला नव्हता. कागदाशिवाय, थांब्याशिवाय असं उभं राहणं तिला नवं होतं.

मग खुशालरावांनी ताटात हात धुतला आणि कोणाकडे न बघता म्हणाले, "चार दिवस. चार दिवस पाहतो मी. पुढचं पुढं."

"झालं ना मंग!" शिवम एवढ्या मोठ्यानं म्हणाला की चिमी दचकली. "उगाच डोक्याले ताप करून घेत होती."

चार दिवस म्हणजे सोमवार ते गुरुवार. शुक्रवारीही तिला कॉलेजात जायचं होतं. हे तिनं बोलून दाखवलं नाही. बोलली असती तर पुन्हा 'पाहू' आलं असतं, आणि कदाचित चारही गेले असते. ती ताटं उचलायला वाकली, तेव्हा वच्छलाबाईंनी स्वतःचं ताट स्वतःच उचललं आणि मोरीकडे जाता जाता तिच्या कानाशी म्हणाल्या, "खिचडीत तिखट नोको टाकू म्हन त्यायले. ते काई सांगतल्याबिगर समजत नाही."

रविवारी सकाळी तिनं एका पानावर लिहायला घेतलं. दूध साडेनऊला. आधी मनगटावर थेंब टाकून बघायचं. अकराला झोपते, झोपण्याआधी कान ओढते, म्हणजे झोप आली. वाटी हातातून काढून घ्यायची नाही. लिहिता लिहिता पेन थांबलं. उद्या ती कान ओढेल तेव्हा आपण बडनेऱ्याच्या पुलाच्या पलीकडे कुठेतरी, फळ्यासमोर असू. छातीत दूध दाटून आलं. तिनं पानाची घडी घातली आणि मग पुन्हा उलगडून खाली लिहिलं: पंखा दोनवर.

दुपारी खुशालराव ओसरीवर मांडी घालून बसले, परीक्षेला बसल्यासारखे. पान त्यांनी दोनदा वाचलं. चिमी समोर उभी राहून त्यांच्या मिशांकडे बघत होती.

"हे सारं ठीक हाय," ते म्हणाले. "पन तू गेली आन् ही रडाले लागली, तं काय म्हनू मी हिले? तुले कसं, शब्द सुचते. मले काय म्हनता येते?"

"काहीच म्हणू नका, बाबा. उचलून घ्या."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. रस्त्यानं कोणी जात नव्हतं. मग दोन्ही हातांनी, पाण्यानं काठोकाठ भरलेलं भांडं उचलावं तसं, त्यांनी चिमीला उचललं आणि अंगापासून वीतभर लांब धरलं. चिमीचे पाय लोंबत राहिले. तिनं एकदा आजोबांकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि ओठ काढायला सुरुवात केली.

"जवळ घ्या," गीतांजली म्हणाली. "अजून जवळ."